संकेतस्थळावर मराठी अक्षरं का फुटतात?

समजा, नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या जुन्या शाळेची स्मरणिका संकेतस्थळावर टाकायची आहे. छापील प्रत सुबक आहे, संगणकातली मूळ फाईलही सापडली आहे. कार्यालयातलं कोणीतरी ती उघडतं, मजकूर कॉपी करतं आणि संकेतस्थळाच्या संपादन-चौकटीत पेस्ट करतं. जिथे ‘मराठी’ असा शब्द होता तिथे रोमन लिपीतली पाच अक्षरं उमटतात: ई, जे, के, मोठा बी आणि एच. डीटीपीवाले म्हणतात, ‘अक्षरं फुटली.’

त्याच शाळेची आजची सूचना मात्र वर्डमध्ये टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये. ती पेस्ट केली की अक्षरं फुटत नाहीत, पण वेगळाच त्रास होतो. संकेतस्थळावरच्या बाकी सूचना एका आकारात आणि एका रंगात असतात. ही एकटीच मोठ्या टायपात, निळसर शीर्षकासह आणि भलत्याच फॉन्टमध्ये दिसते. डिझायनरने स्टाइल शीट लिहून दिली होती, तरी ती इथे लागू झाली नाही.

या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. मजकूर काय आहे आणि तो कसा दिसावा, ही माहिती एकमेकींत मिसळून गेली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात की नाही, ठेवायच्या तर किती, यावर वेब डिझायनरांमध्ये गेली तीस वर्षं वाद चालू आहे. मराठीपुरतं बोलायचं तर या वादात तटस्थ राहणं परवडणारं नाही, असं माझं मत आहे.

फॉन्टमध्ये अडकलेले शब्द

संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. कोणत्या आकड्याला कोणतं चित्र दाखवायचं, ते फॉन्ट ठरवतो. कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टांनी एक युक्ती केली होती. संगणकाच्या लेखी आकडे इंग्रजी अक्षरांचेच ठेवायचे, पण त्या जागी चित्रं देवनागरीची बसवायची. ‘मराठी’ लिहिलं की फाईलमध्ये 101, 106, 107, 66, 104 हे आकडे जात. कृतीदेव लावलेला असेपर्यंत 101 म्हणजे ‘म’ आणि 107 म्हणजे काना. फॉन्ट काढला की 101 हा इंग्रजी ‘ई’ होतो, कारण तो मुळात तोच होता. ही जुळणी रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळफलकावर बेतलेली होती, त्यामुळे टाइपरायटर शिकलेल्यांना ती सोयीची गेली.

श्रीलिपी, शिवाजी आणि सी-डॅकच्या आयएसएममधले फॉन्ट यांची प्रत्येकाची आकड्यांची सारणी निराळी. म्हणजे शब्दाचा अर्थ शब्दात नव्हता, तो फॉन्टच्या नावात होता. वेब डिझायनर ज्याला दिसण्याची बाब म्हणतात, ती इथे मजकुराचा प्राण होऊन बसली होती.

युनिकोडची पहिली आवृत्ती 1991 साली आली आणि तिच्यात देवनागरी होती. तिथे ‘म’ला स्वतःचा आकडा मिळाला, 2350. फॉन्ट कोणताही असो, 2350 म्हणजे ‘म’च. पण फोन, ब्राउझर आणि टाइप करण्याच्या सोयी तिथवर पोचायला बरीच वर्षं गेली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मराठी संकेतस्थळं वाचायची तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, किंवा पानासोबत आपोआप येणाऱ्या ‘डायनॅमिक फॉन्ट’वर विसंबावं लागे. त्यातला मजकूर शोधयंत्राला मराठी म्हणून ओळखूच येत नसे.

जुनी फाईल युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरकं आज आहेत, पण ती चालवण्याआधी मूळ फॉन्ट कोणता होता हे ठाऊक हवं. शिवाय जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचं उलट आहे: जुन्या पद्धतीत तो अक्षरानंतर येई, युनिकोडमध्ये त्याचा ‘र’ आधी येतो. रूपांतरकाला हे सगळे क्रम फिरवावे लागतात, जोडाक्षरांपाशी तो चुकतो, आणि माणसाने मुद्रितशोधन केल्याशिवाय काम पुरं होत नाही.

स्टाइल शीट कशासाठी आली

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत वेबची रचना केली तेव्हा एचटीएमएलकडे मोजकं काम होतं: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुवा, एवढं सांगायचं. ते कसं दिसावं हे ब्राउझरवर सोडलेलं होतं. वेब प्रयोगशाळेबाहेर पडल्यावर व्यापारी, वृत्तपत्रं आणि सजावटकारांना हे पुरेना. मग ब्राउझर कंपन्यांनी फॉन्ट, रंग आणि आकार थेट मजकुरात लिहिण्याच्या खुणा काढल्या. जानेवारी 1997 मधल्या एचटीएमएल 3.2 या आवृत्तीत त्या अधिकृतही झाल्या. परिणाम असा, की शंभर पानांच्या संकेतस्थळावर शीर्षकांचा रंग बदलायचा म्हटलं तर शंभर पानं उघडावी लागत.

सर्नमध्येच काम करणाऱ्या होकोन व्हियूम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञाने 10 ऑक्टोबर 1994 रोजी वेगळा मार्ग सुचवला होता. दिसण्याचे सगळे नियम एका स्वतंत्र फाईलमध्ये लिहायचे आणि सगळ्या पानांनी ती वापरायची. बर्ट बॉस हे डच तंत्रज्ञ त्यांना येऊन मिळाले आणि 17 डिसेंबर 1996 रोजी सीएसएसची पहिली आवृत्ती अधिकृत झाली. सीएसएस म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, एकावर एक उतरत जाणाऱ्या नियमांचे तक्ते.

लींच्या मूळ प्रस्तावातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येक नियमापुढे टक्केवारी लिहिता यावी, म्हणजे पानाच्या लेखकाची इच्छा किती आणि वाचणाऱ्याची किती, याचा मेळ घालता येईल, असं त्यांनी सुचवलं होतं. टक्केवारी पुढे टिकली नाही. वाचणाऱ्यालाही दिसण्यावर हक्क आहे, हे तत्त्व मात्र सीएसएसमध्ये राहिलं. ज्यांना बारीक टाइप वाचवत नाही, ते ब्राउझरमधून अक्षर मोठं करू शकतात, वाचन-दृश्य लावू शकतात. मजकूर आणि सजावट वेगळी असेल तरच हे नीट जमतं.

कोणाचा नियम चालतो

एकाच परिच्छेदावर चार नियम लागू होत असतील तर कोणता चालावा? महालातला जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. वाड्याचा म्हणून एक नियम असतो: दिंडी दरवाजा रात्री दहाला बंद. तो सगळ्या बिऱ्हाडांना आपोआप लागू होतो, प्रत्येक दारावर लिहावा लागत नाही. सीएसएसमध्येही पानाला दिलेला फॉन्ट आतल्या सगळ्या परिच्छेदांना असाच वारशाने मिळतो. मग एखाद्या बिऱ्हाडाचा स्वतःचा नियम असतो आणि त्या बिऱ्हाडापुरता तोच चालतो. त्या बिऱ्हाडातल्या एका ठरावीक माणसासाठी नाव घेऊन सांगितलेला नियम आणखी वरचढ ठरतो. जितका नेमका निर्देश, तितकं वजन जास्त. वजन सारखंच असेल तर शेवटी सांगितलेलं खरं.

याच्याही वर एक पायरी आहे. नियम तक्त्यात न लिहिता थेट त्या परिच्छेदाला चिकटवलेला असला, की तो तक्त्यातल्या सर्वसाधारण नियमांना हरवतो. आरंभीच्या निळ्या सूचनेचं कोडं इथे सुटतं. वर्डमधून मजकूर उचलला की त्याच्यासोबत फॉन्ट, आकार, रंग आणि समास यांच्या सूचनाही येतात, आणि पेस्ट होताना त्या परिच्छेदालाच चिकटतात. डिझायनरचा तक्ता वाड्याच्या दरवाजावर टांगलेला. ही सूचना आपला नियम खिशात घालून आत आली.

अशा वेळी वैतागलेला डिझायनर ‘इम्पॉर्टंट’ हा शेरा मारतो, म्हणजे बाकी सगळं बाजूला, हेच चालवा. वाड्यातल्या आजोबांनी हुकूम सोडावा तसं. एकदा सोडला तर काम होतं. पण प्रत्येक अडचणीला हुकूम निघू लागला की तो मोडायला दुसरा हुकूम लागतो, आणि वर्षभरात कोणता नियम का चालतो हे कोणालाच सांगता येत नाही. या शेऱ्याचा वापर क्वचितच करावा, यावर डिझायनरांचं बहुतांशी एकमत आहे. 2022 पासून प्रमुख ब्राउझरांत नियमांचे थर ठरवण्याची सोय आली आहे. कोणता गठ्ठा कोणत्या गठ्ठ्याच्या वर, हे आधीच ठरवता येतं आणि हुकमांची गरज कमी होते.

डिझायनरांचे दोन पक्ष

डेव्ह शे या कॅनेडियन डिझायनरने 2003 साली ‘सीएसएस झेन गार्डन’ सुरू केलं. एचटीएमएलचं एकच पान, त्यातला एक शब्दही न बदलता केवळ स्टाइल शीट बदलून जगभरच्या डिझायनरांनी ते ओळखू येणार नाही इतकं वेगळं करून दाखवलं. अलगपणाचं हे तत्त्व इतक्या देखण्या रीतीने आधी कोणी पटवलं नव्हतं. एका पिढीने त्यावरून ठरवलं, की मजकुराच्या खुणांना अर्थाची नावं द्यायची: ‘सूचना’, ‘निकाल’, ‘लेखक’. रंगाची किंवा आकाराची द्यायची नाहीत.

पण मोठ्या संकेतस्थळांवर काम करणाऱ्यांना दुसरीच अडचण दिसू लागली. तक्ते हजारो ओळींचे झाले, आणि एक नियम काढला तर कोणत्या पानावर काय मोडेल याची खात्री उरली नाही. रशियातल्या यांडेक्स कंपनीत ‘बेम’ नावाची शिस्त तयार झाली. तिच्यात नावंच अशी ठेवायची की एका भागाचा नियम दुसऱ्यात शिरणार नाही. 2017 साली आलेल्या टेलविंड या सीएसएसच्या साधनाने तर वारंच फिरवलं: ‘थोडी मोकळी जागा’, ‘ठळक’, ‘राखाडी’ अशा छोट्या तयार खुणा थेट मजकुराच्या चौकटीवर लावायच्या. जुन्या पक्षाला यात फॉन्टच्या खुणांचे दिवस परत आलेले दिसतात. नवा पक्ष म्हणतो, आता आमची पानं साच्यांतून तयार होतात, खूण साच्यात एकदाच लिहायची असते, मग अडलं कुठे?

मला दोघांचंही म्हणणं त्यांच्या जागी पटतं. साच्यात काय लिहावं हा डिझायनरांचा आपसातला प्रश्न आहे, आणि टेलविंडने बांधलेलं संकेतस्थळ उत्तम असू शकतं. रेषा ओढायची ती साचा आणि साठवलेला मजकूर यांच्यामध्ये. शाळेची सूचना, मंडळाचा अहवाल, कुणी लिहिलेला लेख हे साच्यापेक्षा जास्त जगणार आहेत. साचा पाच-सात वर्षांत बदलतो. त्या मजकुरात सजावटीच्या खुणा गेल्या की प्रत्येक नव्या साच्यात त्या काट्यासारख्या रुतत राहतात.

इंग्रजी तक्ता, देवनागरी मजकूर

बहुतेक तयार साचे रोमन लिपी समोर ठेवून केलेले असतात. त्यातले काही नियम मराठीवर लागू झाले की लिपीच मोडते.

इंग्रजी शीर्षकांत अक्षरांमध्ये थोडं अंतर सोडण्याची पद्धत आहे. तोच नियम देवनागरीला लागला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या बेताने ठेवलं की ‘कुंकू’ किंवा ‘मूर्ती’सारख्या शब्दांत वरचं चिन्ह किंवा खालचा उकार छाटला जातो; शीर्षकांच्या आखूड चौकटींत हे फार दिसतं. देवनागरीला वर रफार-मात्रा आणि खाली उकार अशी दोन्हीकडे जागा हवी असते. जोर देण्यासाठी इंग्रजी साचा तिरपं अक्षर वापरतो. देवनागरी फॉन्टांत तिरपा टाइप सहसा नसतोच, म्हणून ब्राउझर सरळ अक्षरच यांत्रिकपणे वाकवतो. मराठी छपाईत ठळक टाइप किंवा अवतरणचिन्हं वापरतात. तक्त्यात तसं लिहून ठेवायला एक ओळ पुरते.

मग ‘ल’ आणि ‘श’. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हे आकार ठरवले. हिंदीत ही अक्षरं वेगळ्या वळणाची आहेत, पण युनिकोडमध्ये दोन्हींचा आकडा एकच. काही चांगल्या फॉन्टांत दोन्ही आकार असतात आणि पानाची भाषा मराठी आहे असं सांगितलं की मराठी आकार आपोआप येतो. ही भाषा पानाच्या सुरुवातीला ‘एम आर’ अशा दोन अक्षरी खुणेने नोंदवायची असते. इंग्रजी साच्यात तिथे इंग्रजीची खूण आधीच असते आणि ती बदलायचं राहून जातं. याचा तोटा फक्त वळणापुरता नाही. अंध वाचकांना पान मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर हीच खूण पाहून आवाज निवडतं.

‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती 2008 साली. त्याआधीच्या फॉन्टांत ते नसतं. तक्त्यात असा फॉन्ट असला की ‘ॲड.’ किंवा ‘ॲप’ लिहिताना तेवढं एक अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून येतं आणि ओळीत उपरं दिसतं.

> आपलं संकेतस्थळ तपासून पाहा
>
> फायरफॉक्समध्ये पान उघडा. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘पेज स्टाइल’ आणि त्यात ‘नो स्टाइल’ निवडा. सगळी सजावट निघून जाईल. आता शीर्षकं शीर्षकंच वाटतात का, मजकूर ओळीने वाचता येतो का, ते पाहा. आणि जी सूचना निव्वळ चित्र म्हणून उरेल, ती शोधयंत्राला सापडणार नाही.

संपादन-चौकटीत काय असावं

सूचना टाकणारा माणूस डिझायनर नसतो. तो शाळेचा लिपिक असतो, मंडळाचा कार्यवाह असतो, वाचनालयाची ग्रंथपाल असते. त्यांच्यासमोर येते ती चौकट: वर बटणांची ओळ, खाली कोरी जागा. जसं दिसतं तसंच छापलं जातं, हे तिचं आश्वासन. ही सोय 2000 साली इंटरनेट एक्स्प्लोररच्या 5.5 आवृत्तीत ब्राउझरमध्येच आली आणि पुढे टायनीएमसीई, सीकेएडिटर अशी साधनं त्याच पायावर उभी राहिली.

डिझायनरांची या चौकटीबद्दलची मुख्य तक्रार अशी, की ती चुकीचा प्रश्न विचारते. ‘हे कसं दिसावं?’ असं विचारल्यावर लिपिक आपल्या परीने उत्तर देतो: लाल, ठळक, 24 आकार. विचारायला हवं होतं, ‘हे काय आहे?’ सूचना, तारीख, की सही? म्हणून बरेच अनुभवी डिझायनर रंग आणि फॉन्टची बटणं काढून टाकतात आणि पेस्ट करताना चिकटलेल्या खुणा झडतील अशी व्यवस्था करतात. लिहिणाऱ्यांना याचा राग येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. रोज पाटीवर रंगीत खडूने लिहिणाऱ्या माणसाच्या हातून खडू काढून घेतल्यावर त्याच्या हाती दुसरं काहीतरी द्यावंच लागतं.

27 मे 2003 रोजी आलेल्या वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवण्याच्या साधनात ही ओढाताण उघड दिसते. डिसेंबर 2018 मध्ये वर्डप्रेसने जुनी कोरी चौकट बदलून ठोकळ्यांची पद्धत आणली. परिच्छेद, चित्र, अवतरण असा प्रत्येक भाग वेगळा ठोकळा. विरोध इतका झाला की जुनी चौकट परत देणारं पूरक सॉफ्टवेअर 50 लाखांहून अधिक ठिकाणी बसवलं गेलं. विकिपीडियावर उलट घडलं. 2013 साली दृश्य संपादक सगळ्यांसाठी सुरू केल्यावर इंग्रजी विकिपीडियाच्या अनुभवी संपादकांनी आक्षेप घेतला आणि तिथे तो काही काळ मागे घ्यावा लागला. त्यांना उघड्या खुणांची जुनी पद्धतच हवी होती, कारण तिच्यात मजकुरात नेमकं काय शिरतं ते डोळ्यांना दिसतं.

तिसरा मार्ग अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने 2009 साली मांडला: एकदा लिहा, सगळीकडे प्रसिद्ध करा. बातमीचं शीर्षक, सारांश, तारीख, लेखक असे निरनिराळे रकाने भरायचे आणि संकेतस्थळ, फोन, रेडिओ यांनी आपापल्या गरजेपुरतं उचलायचं. लहान संस्थांना हाच मार्ग सर्वांत उपयोगी आहे, असं माझं ठाम मत आहे. नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीची सूचना घ्या. दिवस, वेळ, सुरुवातीची जागा, मार्ग, संपर्क असे पाच रकाने दिले तर लिहिणाऱ्याला सजावटीची चिंता उरत नाही, तारीख विसरली तर साधन थांबवतं, आणि मिरवणूक झाल्यावर सूचना आपोआप मागे सरकते. कोऱ्या चौकटीत हीच माहिती दहा माणसं दहा तऱ्हांनी लिहितात.

रकाने नसले, चौकट कटकटीची असली, की लोक सोपी वाट धरतात. कोरलसारख्या सजावटीच्या सॉफ्टवेअरमध्ये सुंदर पत्रक करायचं, त्याचं चित्र काढायचं आणि ते संकेतस्थळावर चढवायचं. सजावट जशीच्या तशी राहते. पण त्यातली तारीख शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही, फोनवर मोठी केली की धूसर होते आणि अंध वाचकापर्यंत पोचतच नाही. मराठी सार्वजनिक जीवनातली किती माहिती अशी चित्रांत अडकून पडली आहे, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पेस्ट साफ करणाऱ्या साधनांबाबतही मराठी माणसाने जागरूक राहायला हवं. काही साधनं न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकतात. मराठीत अर्धा चंद्राकृती ‘र’ लिहिण्याची एक रीत अशाच अदृश्य जोडचिन्हावर अवलंबून आहे. ते गेलं की सह्याद्रीतल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो, आणि शुद्धलेखन तपासणारं साधनही तक्रार करत नाही, कारण तोही योग्यच शब्द. त्याऐवजी नुक्ता असलेला ‘ऱ’ घेऊन लिहिलं तर अदृश्य चिन्हाची गरज पडत नाही. कळफलक निवडताना एवढं पाहून घेतलेलं बरं.

साचा पसंत करायला डिझायनर जो नमुना दाखवतात त्यात बहुधा लॅटिनचा निरर्थक मजकूर भरलेला असतो. त्यावर सगळं छान दिसतं, कारण त्यात ना वेलांटी, ना रफार, ना जोडाक्षर. काम सोपवतानाच आपल्या संस्थेच्या पाच खऱ्या सूचना द्याव्यात: एक लांब शीर्षकाची, एक तक्ता असलेली, एक वर्डमधून आलेली, एक मराठी आणि इंग्रजी मिसळलेली, आणि एक अशी जिच्यात ‘स्त्री’, ‘मूर्ती’, ‘ॲड.’, ‘दऱ्या’ हे शब्द आहेत. या पाचही पुढे रोज सूचना टाकणाऱ्या माणसाकडूनच चढवून घ्याव्यात आणि डिझायनरने शेजारी बसून पाहावं.